आमाले हॉल नको, सावली दे: यावल तालुक्यातल्या एका ओट्याचं प्रकरण

गाव यावल तालुक्यातलं, एका बाजूला सातपुडा आणि दुसऱ्या बाजूला तापी, मधे केळीच केळी. नाव देत नाही, कारण गावातल्या बायकांनी ते ठरवू दे. फैजपूर, सावदा, भालोद हा पट्टा ज्यांनी बघितलाय त्यांना जागा कशी असेल ते कळेलच. आमचा स्टुडिओ जळगावात आहे, अगदी छोटा, दोन आर्किटेक्ट, एक ड्राफ्ट्समन आणि साईट बघणारा एक जण. हे काम छोटंच होतं पण आम्ही जसं काम करतो, म्हणजे जागेवर बसून आणि जे वापरणार त्यांच्याबरोबर, ते नेमकं कसं चालतं आणि कुठे अडतं ते या एका कामात जवळजवळ सगळं आलं म्हणून सविस्तर लिहितोय.

काम असं आलं: गावात बायकांचे चार-पाच बचत गट आहेत आणि उन्हाळ्यात ते सगळे मिळून बिबडे, उडदाचे पापड, कुरडया, शेवया करतात. आपल्याकडे हे घरोघरी होतंच, पण यांच्या ऑर्डरी भुसावळ-जळगावपासून पार पुण्या-मुंबईला गेलेल्या खान्देशी लोकांपर्यंत जातात. कोणाच्या तरी अंगणात, कोणाच्या तरी गच्चीवर काम चालायचं. ग्रामपंचायतीने गावठाणातली जागा द्यायचं ठरवलं, निधीची तजवीज झाली, आणि कागदावर काय आलं तर बहुउद्देशीय सभागृह. एक लांबोळका हॉल, आरसीसी स्लॅब, समोर शटर, दोन्हीकडे खिडक्या, आत ओळीने सिलिंग फॅन. हा प्लॅन तयारच असतो, गाव बदललं तरी तोच. आम्हाला सांगितलं की ड्रॉइंग नीट करून द्या आणि एस्टिमेट लावा, बस.

आम्ही म्हटलं आधी काम बघू द्या. फाल्गुन चालू होता म्हणजे हंगाम सुरूच झाला होता, आणि पहाटे जायला पाहिजे हे बायकांनीच सांगितलं, नऊ वाजता येऊन तुम्हाला फक्त वाळत घातलेलं दिसेल म्हणाल्या.

बिबड्यांचं काम ज्यांनी जवळून बघितलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. ज्वारी तीनेक दिवस भिजवायची, दळायची, मग पहाटे अंधारातच मोठ्या पातेल्यात आधण ठेवून लसूण, मिरची, तीळ, जिरं, मीठ घालून ते पीठ घाटायचं. घाटणं म्हणजे दोन बायका लागतात, एक पातेलं धरणार आणि एक घाटणार, आणि चुलीचा जाळ खालून कमी-जास्त करायला तिसरी. मग ते गरम असतानाच ओल्या कापडावर थापायचं, हात सारखा पाण्यात बुडवून, आणि ते कापड तसंच्या तसं खाटेवर उलटं टाकून वरून पाण्याचा हात फिरवत हळूच सोडवायचं. हे सगळं ऊन वर यायच्या आत व्हायला पाहिजे, म्हणजे पहिलं कोवळं ऊन लागेल तेव्हा बिबडा खाटेवर असला पाहिजे. कुरडयांचंही तसंच, गव्हाचा चीक पहाटे शिजवायचा आणि सोऱ्यातून गरम गरम घालायच्या.

पण उडदाचा पापड याच्या अगदी उलट. त्याला सावली पाहिजे आणि वारा अजिबात नको. वाऱ्याने लाटी सुकते, लाटताना कडा फाटतात, लाटलेला पापड वळतो. आधी सावलीत सुकतो आणि मग थोडंच ऊन दाखवायचं. म्हणजे त्या हॉलमधले ओळीने लावलेले फॅन पापड लाटताना बंदच ठेवायला लागले असते, आणि वैशाखात आरसीसी स्लॅबखाली फॅन बंद करून बसणं काय असतं ते रावेर-यावलवाल्यांना सांगायला नको, भुसावळचं तापमान मे महिन्यात 45 च्या वर जातं ते काय फक्त पेपरात वाचायची गोष्ट नाही.

म्हणून आम्ही पहिलं ड्रॉइंग केलं ते खोल्यांचं नाहीच केलं, दिवसाचं केलं. पहाटे चारला चूल कुठे, धूर कुणीकडे जातो, पाणी कुठून येतं, सहाला खाटा कुठे, आठला ऊन कुठपर्यंत, दहाला पापडवाल्या कुठे सरकतात, दुपारी लेकरं कुठे झोपतात (झोळी बांधायला काहीतरी आडवं लागतंच), संध्याकाळी माल कुठे मोजतात. एका मोठ्या कागदावर हे सगळं घड्याळाप्रमाणे मांडलं आणि त्यातून दिसलं की बंद खोली लागते ती फक्त मालाला आणि भांड्यांना, बाकी सगळं काम सावली, ऊन आणि ओटा एवढ्यावर चालतं.

हे बायकांना दाखवलं तेव्हा त्यातल्या वयाने मोठ्या आजी जे म्हणाल्या ते या सगळ्या प्रकरणाचं सार आहे असं मला वाटतं. "आमाले हॉल नको रे भो, सावली दे. हॉल बांधला तं तिथी लगनं लागतीन, मंग आमाले कोन घुसू देईन?" आणि हे शंभर टक्के खरं आहे, किती गावांत बायकांच्या नावाने बांधलेलं सभागृह लग्नाच्या सीझनला भाड्याने जातं, आणि लग्नाचा सीझन आणि बिबड्यांचा सीझन एकच असतो, फाल्गुन ते वैशाख. हा मुद्दा कुठल्या फॉर्ममध्ये येत नाही, कुठल्या सर्व्हेत येत नाही, आणि ग्रामसभेतही आला नव्हता कारण तिथे बायका बोलल्याच नव्हत्या. त्या बोलल्या लाटताना. हात कामात असले की बोलणं मोकळं होतं, म्हणून आम्ही वेगळी मीटिंग लावणं बंद केलं आणि जे काही विचारायचं ते लाटी-पोळपाट चालू असतानाच विचारायला लागलो. आमच्यापैकी एकीने तर बसून पापडही लाटले, तिच्या पापडांना वेगळा ढीग मिळाला.

फक्कीने आखलेला प्लॅन

कागदावरचा प्लॅन सगळ्यांना वाचता येत नाही आणि तो वाचता आला पाहिजे असा हट्टही करू नये. आम्ही मिस्तरींना घेऊन जागेवर पांढऱ्या फक्कीने खऱ्या मापात प्लॅन आखला, लाईन-दोरी लावून, भिंत तिथे दोन रेघा, दार तिथे मोकळं, चुलीच्या जागी तीन दगड. आणि बायकांना म्हटलं की आता यात काम करून बघा. त्या खरंच पोळपाट घेऊन बसल्या, दोघी जणी खाट उचलून या टोकापासून त्या टोकाला गेल्या, आणि लगेच कळलं की दोन ओळींत पोळपाट मांडले की मधून खाट आडवी जात नाही. ओटा दोन हाताने रुंद झाला. चूल आम्ही मागे ठेवली होती ती पूर्वेच्या कोपऱ्यात आली कारण पहाटे वारा सातपुड्याकडून खाली येतो आणि धूर ओट्यावर येईल असं त्यांनी सांगितलं. पाण्याची टाकी आणि मोरी चुलीजवळ सरकली. हे सगळं एका सकाळी झालं, रेघ पुसायची आणि परत मारायची, खर्च काही नाही.

आणि मग झोका. जागेवर जुना निंब आहे, मोठा, आणि अखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, त्याला झोका बांधतात. माहेरी आलेल्या लेकी, गौराईची गाणी, ते सगळं त्या निंबाखाली होतं. फक्कीची रेघ बघून एका काकूंनी विचारलं की हा खांब इथे आला तर झोका कुठपर्यंत जाईल. दोर बांधून एका पोरीला बसवलं आणि झोका पूर्ण चढवून बघितला, त्याच्या टप्प्यात आमचा एक खांब येत होता. खांब सरकवला, आणि छपराची ती बाजू थोडी तिरकी कापली. बाहेरचा माणूस बघून म्हणेल की हे डिझाईन म्हणून केलंय, पण ते झोक्यासाठी आहे.

सूर्याचंही तसंच. आपण साधारण 21 अक्षांशावर आहोत, म्हणजे मेच्या शेवटी दुपारचा सूर्य जवळपास बरोबर डोक्यावर येतो आणि सकाळ-संध्याकाळी तो पूर्व-पश्चिमेच्या बराच उत्तरेला असतो. त्यामुळे दक्षिणेला पडवी काढली की झालं हे पुस्तकातलं गणित इथे वैशाखात उपयोगाचं नाही, ताप वरून आणि वायव्येकडून येतो. आम्ही हे सॉफ्टवेअरवर काढून आणलं होतं, पण बायकांनी त्याआधीच सांगितलं की थंडीत सूर्य पाण्याच्या टाकीमागे बुडतो आणि अखाजीच्या सुमाराला मारुतीच्या देवळामागे. म्हणजे मालाची बंद खोली त्या देवळाच्या बाजूला घालायची, तिने ओट्याला दुपारनंतरची आडोशाची सावली द्यायची. ठरलं.

काळी जमीन

आता जो भाग दिसत नाही पण ज्याच्यावर सगळं उभं आहे तो. आपली काळी जमीन पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आकसते, मार्च-एप्रिलमध्ये शेतात भेगा पडतात त्यात हात जातो. तीच जमीन घराखाली असते. जोत्याला तडे, दार अडकणं, फरशी फुगून वर येणं, हे आपल्याकडे इतकं नेहमीचं आहे की लोक त्याला बांधकामाचा दोष मानतच नाहीत. रुरकीच्या सीबीआरआयने, म्हणजे इमारत बांधकामावर संशोधन करणाऱ्या केंद्रीय संस्थेने, यासाठी अंडर-रीम पाइल आणले, म्हणजे बारीक खोल खड्डा आणि तळाशी कांद्यासारखा फुगवटा, आणि तो साधारण साडेतीन मीटरच्या खाली नेतात कारण ओल-कोरड्याचा खेळ तेवढ्या खोलीपर्यंत चालतो. मालाच्या खोलीला आम्ही हेच केलं, वर आरसीसीची बीम, आणि बीमच्या खाली मोकळी फट ठेवली की माती फुगली तरी बीमला उचलणार नाही. खोलीच्या फरशीखालची काळी काढून बाहेरून न फुगणारी माती आणून थराथराने धुम्मस केली, आयआयटी मुंबईचे प्रा. आर. के. कट्टी यांनी काळ्या जमिनीसाठी हीच दिशा दाखवली होती, फुगणाऱ्या मातीवर न फुगणाऱ्या चिकट मातीचा थर.

खड्डे कुठे घ्यायचे आणि खाली काय लागेल हे सांगायला गावातले विहीर खोदणारे होते. काळी किती, पिवळी कुठे सुरू होते हे त्यांनी आधी तोंडी सांगितलं आणि चाचणीच्या खड्ड्यात जवळपास तसंच निघालं.

अडचण ओट्याची होती. झाडाच्या मुळ्या उन्हाळ्यात जमिनीतलं पाणी ओढतात, काळी अजून आकसते, म्हणून पक्कं बांधकाम झाडापासून लांब ठेवावं, साधारण झाडाच्या उंचीइतकं, असं म्हणतात. आणि बायकांना ओटा निंबाखालीच हवा होता, आणि त्यांचं बरोबरच होतं. मग आम्ही दोन वेगळी बांधकामं केली. खोली लांब, पाइलवर, पक्की. ओटा निंबाजवळ पण हलू शकेल असा, कोबा नाही, सिमेंटचे सांधे नाहीत, मुरूम आणि वाळूवर शहाबादी फरशा नुसत्या बसवलेल्या, कडेला दगडाची कड. फरशी वरखाली झाली की काढायची, वाळू सारखी करायची, परत बसवायची, हे गावातला कोणीही करेल. दोन्हीच्या मधे छप्पर आहे पण त्याचे खांब आणि खोलीची भिंत एकमेकांना जोडलेली नाहीत. या एका निर्णयाचं मला फार समाधान आहे, कारण ताण खरा होता, झाड तोडा असं सहज म्हणता आलं असतं आणि ओटा लांब न्या असंही.

धाब्याचं काय

गावात जुनी धाब्याची घरं अजून आहेत. सागाच्या लाकडांवर फळ्या, त्यावर मातीचा जाड थर, वर पांढरी खारी माती. आत गार, आणि वर वाळवण घालायला, उन्हाळ्यात झोपायला जागा. स्टुडिओतल्या आमच्या तरुण सहकाऱ्याला धाबंच करायचं होतं आणि मला त्याचं मन समजतं. पण धाब्याला दर पावसाळ्याआधी माती टाकायला लागते, सागाचं लाकूड आज परवडत नाही, आणि मुख्य म्हणजे ज्या बायका वापरणार त्याच म्हणाल्या की आयुष्यभर सासरी धाब्यावर माती टाकली आता इथे नको. जागेशी नातं म्हणून त्यांच्या डोक्यावर परत ते काम टाकायचं हे मला पटत नाही. धाब्यातलं जे कामाचं होतं ते घेतलं: खोलीवर सपाट स्लॅब, त्यावर वीटबाट कोबा, म्हणजे विटांच्या तुकड्यांचा थर, आणि वर पांढऱ्या फुटक्या चिनी टाईल्सचा चायना मोझॅक, ऊन परतवायला आणि पापडाला ऊन दाखवायला स्वच्छ जागा. जिना मात्र नेहमीसारखा अरुंद नाही, डोक्यावर परात घेऊन चढता येईल असा, पायऱ्या कमी उंचीच्या, कठडा दोन्हीकडून.

ओट्यावर पत्रा. पत्रा तापतो, म्हणून पत्र्याखाली हातभर जागा सोडून बांबूच्या तट्ट्यांची आतली छत केली आणि दोन्ही टोकं उघडी ठेवली म्हणजे मधली गरम हवा निघून जाते. तट्ट्या विणणारे कारागीर जवळच मिळाले, आम्ही फक्त बांबू आधी बोरॅक्स आणि बोरिक ॲसिडच्या पाण्यात बुडवून घ्यायचा आग्रह धरला, नाहीतर दोन वर्षांत भुंगा लागतो. पापडवाल्या बसतात त्या बाजूला त्याच तट्ट्या गुंडाळता येतील अशा टांगल्या, बसलेल्या माणसाच्या खांद्यापर्यंत येणाऱ्या, म्हणजे वारा अंगावर लागत नाही आणि वरून हवा चालू राहते.

भिंतीसाठी आम्ही रॅट-ट्रॅप बाँड सुचवला होता, आर्किटेक्ट लॉरी बेकर यांनी केरळात इतका वापरलेला, उभ्या विटा आणि आत पोकळी, विटा साधारण पाव हिश्श्याने वाचतात आणि ताप कमी येतो. मिस्तरी म्हणाले भाऊ, आपल्या भट्टीची वीट बघा आधी. गुडघ्याएवढी नमुन्याची भिंत बांधली आणि दिसलं की हातपाडी विटेच्या कडा इतक्या वाकड्यातिकड्या आहेत की उभ्या विटेचा सांधा कुठे बोटभर कुठे काहीच नाही. मग पश्चिमेची भिंत दीड विटेची भरीव केली आणि तिला आतून मालाच्या मांडण्या लावल्या. नमुन्याची भिंत पाडली नाही, तिच्यावर आता हंडे ठेवतात.

कागद

सगळ्यात जास्त वेळ इथे गेला. दरसूचीत, म्हणजे सरकारी कामाच्या ठरलेल्या दरांच्या यादीत, ज्या आयटमचा दर नाही तो आयटम जगात नाही असं समजून चालतात. सांधे न भरलेली फरशी म्हणजे अपूर्ण काम, तट्टी म्हणजे तात्पुरतं काम, आणि शटर नाही तर सभागृह कसलं. एका कार्यालयात आमची फाईल बराच काळ तशीच पडून होती. शेवटी कामाचे दोन भाग केले: खोली, पाइल, स्लॅब, पाणी, जिना हे दरसूचीत बसणारं ते सरकारी निधीतून, आणि तट्ट्या, चूल, फरशी बसवण्याची मजुरी हे गटांच्या स्वतःच्या पैशातून आणि श्रमातून. त्यामुळे एक चांगलं झालं, ओट्यावर गटांचा हक्क नुसता बोलण्यातला राहिला नाही, आणि ग्रामसभेने ठराव केला की फाल्गुन ते ज्येष्ठ ही जागा दुसऱ्या कुठल्याही कार्यक्रमाला द्यायची नाही. मला विचाराल तर हा ठराव या बांधकामाचा सगळ्यात महत्त्वाचा भाग आहे आणि तो ड्रॉइंगमध्ये कुठेच नाही.

ज्यांना वाटतं की असं स्थानिक काम म्हणजे आजकालची शहरी हौस, त्यांच्यासाठी सांगतो. याच तालुक्यात फैजपूरला डिसेंबर 1936 मध्ये काँग्रेसचं खेड्यातलं पहिलं अधिवेशन झालं, अध्यक्ष पंडित नेहरू, आणि तिथलं टिळकनगर, म्हणजे अधिवेशनासाठी उभारलेली वस्ती, सजवायला गांधीजींनी शांतिनिकेतनहून चित्रकार नंदलाल बोस यांना बोलावलं होतं, अट एकच की जवळपास मिळेल तेच सामान आणि खेड्यातल्या कारागिरांचे हात. बांबू, तट्ट्या, साधं लाकूड. आपल्या घराशेजारी एवढं मोठं उदाहरण घडून गेलंय आणि आपण सभागृहाचा टाईप प्लॅन गावोगाव छापत बसतो याचं मला खरंच वाईट वाटतं.

फीचं विचारतात लोक म्हणून तेही. टक्केवारीवर हे काम परवडत नाही, बांधकाम जितकं साधं आणि स्वस्त करू तितकी फी कमी आणि बसायला वेळ मात्र जास्त. आम्ही आता अशा कामाला आधीच ठरवून ठराविक रक्कम घेतो, आणि त्यात जागेवर बसण्याचा वेळ वेगळा लिहितो, तो सवलतीत जाऊ देत नाही.

पहिला हंगाम निघाला. बायका पूर्वी ज्या वेळेला उन्हामुळे काम गुंडाळायच्या त्यापेक्षा आता उशिरापर्यंत बसतात, दुपारी लेकरं ओट्यावरच झोपतात. गच्चीवर माकडं येतात, सातपुडा जवळ आहे, त्यावर जाळी लावलीय. एकदा बेमोसमी पाऊस आला तेव्हा खाटा खोलीत घ्यायला दार कमी पडलं, ते रुंद करायला सांगितलंय.

एक गोष्ट मात्र अजून मिटलेली नाही. काही बायकांना ओटा तिन्ही बाजूंनी लोखंडी जाळीने बंद करून कुलूप लावायचंय, पावसाळ्यात शेळ्या आणि रात्री पत्ते खेळणारे येऊन बसतात म्हणून. आम्हाला वाटतं जाळी लागली की वर्षभरात पत्रा लागेल आणि परत तोच हॉल होईल. पण त्रास त्यांना होतोय, आम्हाला नाही. सध्या खालच्या हातभर भागाला दगडी कड उंच करून शेळ्यांचं बघितलंय. पत्तेवाल्यांचं काय करायचं ते गटांनी दिवाळीनंतरच्या बैठकीत ठरवायचं म्हटलंय, फक्की घेऊन या म्हणाल्यात.